विहिरीचं कर्ज

आबा गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तेरावा झाल्यावर सोसायटीचे सचिव घरी आले, चहा घेतला आणि हळूच दोन आकडे सांगून गेले. एक कर्ज विहिरीचं. दुसरं पीककर्ज म्हणून उचललेलं, पण थोरल्या बहिणीच्या लग्नात खर्ची पडलेलं. दोन्ही मी फेडली. विहिरीचा हप्ता भरताना कधी जड गेलं नाही. मोटर चालू केली की पाणी डोळ्यांपुढं दिसायचं. दुसरा हप्ता मात्र टोचायचा. बहिणीवर माया नव्हती असं नाही, पण मांडव कधीच उतरला होता आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

1996 साली सरकारनं कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं. बच्छावत लवादानं दिलेलं 560 टीएमसी पाणी 2000 सालापर्यंत अडवायची घाई होती. त्यासाठी कर न वाढवता रोखे विकून पैसा उभा केला. आमचा माण तालुका दुष्काळी; पारावर सगळे खूश. "कर न्हाय, काय न्हाय, पाणी येतंय!"

तात्या तेवढे गप्प होते. मग म्हणाले, "उचल हाय ती. आज कर मागितला असता, तर आपण इचारलं असतं, कशाला पायजे? आता ज्यानं भरायचं, ते पाळण्यात हाय. ते काय इचारणार?"

तेव्हा आम्ही हसलो. पुढं कामं रखडली. व्याज रखडत नाही. रोख्यांना हमी सरकारची, म्हणजे भार शेवटी तिजोरीवर. आणि त्या तिजोरीत साबण विकत घेणाऱ्या रोजगारी बाईचाही कर असतो. तिनं रोखा कधी पाहिलेला नसतो.

तरी कर्जच नको, असं मी म्हणणार नाही. धरण तीन पिढ्यांना पाणी देणार असेल, तर एकाच पिढीनं सगळा भार का उचलावा? आबांनी कर्ज काढलं नसतं, तर माझं शेत कोरडंच राहिलं असतं. पण विहिरीच्या नावानं काढलेला पैसा मांडवात जाऊ नये, एवढं तरी बघायला हवं.

यंदा ठिबकसाठी कर्ज काढलं. सही करायच्या आधी पोराला शेजारी बसवून आकडा सांगितला. सरकारला तसं पाळण्यातल्या पोराला शेजारी बसवता येत नाही. त्याच्या वतीनं आपणच विचारायचं असतं. त्या दिवशी पारावर आम्ही ते विचारलं नाही.