नंबर तोच

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचे तागे वाहून वाहून माझ्या मोटरसायकलचं इंजिन थकलं. निळसर धूर, आणि आठवड्याला ऑइल टाकायचं. मिस्त्रीनं सिलिंडर उतरवून आत बोट फिरवायला लावलं. वरच्या कडेशी नखाला खाच लागली.

"काका, नुसत्या रिंगा टाकल्या तर स्वस्तात होते. पण बोअर गोल राहिला नाही. नवी रिंग त्यात बसणार कशी? चार महिन्यांत पुन्हा याल."

रिंगा, की बोअरिंग, मोठा पिस्टन, क्रँकची बेअरिंगं, सगळंच? रात्रभर हाच हिशेब. आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, ही गीतेतली उपमा आम्हा कापडवाल्यांना सोयीची. पण मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो: रथ म्हणजे चाक का, आस का? मग माझी गाडी म्हणजे तरी नेमकं काय?

दुरुस्ती की बदल, हा प्रश्न फक्त गाडीचा नाही. दीक्षाभूमी इथून फार लांब नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी आधी हिंदू धर्माची दुरुस्तीच करून पाहिली: १९२७ ला महाडचा सत्याग्रह, १९३० ला काळाराम मंदिराचा. १९३५ ला येवल्यात धर्म सोडणार हे जाहीर केलं, आणि तरी २१ वर्षं पारखून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. मोडीत काढण्याआधी आत बोट फिरवून बघावं लागतं, ते असं.

मी पूर्ण काम काढलं. क्रँककेसवर कोरलेला नंबर तोच राहिला. त्याला आत्मा म्हणायचं की नुसतं नाव, हे कळलं नाही. धूर मात्र थांबला.