श्रद्धा सुटणे आणि श्रद्धा सोडणे

मराठीत श्रद्धा सुटते, तशी ती सोडलीही जाते. सुटते तेव्हा गाठ सैल झाल्याचे माणसाला बऱ्याचदा उशिरा कळते. सोडताना तो ती स्वतःच्या हाताने उकलतो आणि का उकलली ते सांगू शकतो. धर्मापासून दुरावलेल्यांनी लिहून ठेवलेली कारणे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण सुटलेल्या श्रद्धेलाही मागाहून सोडल्याची कारणे चिकटतात.

‘नास्तिक’ हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. मनुस्मृतीच्या लेखी वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे पूर्वमीमांसक त्यामुळे आस्तिकांत बसतात, कारण त्यांना वेदप्रामाण्य मान्य आहे. जैन आणि बौद्ध मात्र नास्तिकांत मोडतात. देव न मानणारा, हा आजचा रूढ अर्थ त्याहून वेगळा आहे.

श्रद्धा कशी सुटते याची फार प्रामाणिक नोंद चार्ल्स डार्विनने केली आहे. १८२८ मध्ये तो केंब्रिजला गेला तो पाद्री होण्याच्या तयारीसाठी. ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत (१८३१–३६) नीतीच्या एका मुद्द्यावर त्याने बायबलचा दाखला अखेरचा शब्द म्हणून दिला, तेव्हा काही अधिकारी हसले होते. सफरीहून परतल्यावर मात्र त्याला प्रश्न पडू लागले. जुन्या करारातील कथा इतर धर्मांच्या कथांहून अधिक खऱ्या का मानायच्या? चमत्कारांना पुरावा कोणता? विशेष म्हणजे श्रद्धा टिकावी अशीच त्याची इच्छा होती. पाँपेईत किंवा आणखी कुठे जुनी रोमन पत्रे सापडतील आणि शुभवर्तमानांतील सारे खरे ठरेल, अशी दिवास्वप्ने तो रंगवीत असे. पण मनाचे समाधान करील असा पुरावा कल्पनेतही रचणे त्याला दिवसेंदिवस जड जाऊ लागले. ही प्रक्रिया इतकी संथ होती की तिचा त्रासही झाला नाही, असे तो सांगतो.

तर्काच्या जोडीला नीतीचा आक्षेपही होता. श्रद्धा नसलेल्यांना अनंतकाळ शिक्षा होते, ही शिकवण खरी मानली तर त्याचे वडील, भाऊ आणि जवळचे मित्र तिच्या तडाख्यात सापडत होते. अळीच्या जिवंत शरीरात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीसारखे कीटक दयाळू ईश्वराने मुद्दाम घडवले असतील, हेही त्याला पटेना. १८६० मध्ये एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याने तसे कळवले. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली. काही चरित्रकार या मृत्यूला निर्णायक मानतात, पण आपल्या अश्रद्धेचे कारण म्हणून तो स्वतः ते सांगत नाही. एवढे होऊनही तो स्वतःला नास्तिक म्हणवीत नव्हता. अज्ञेयवादी हा शब्द त्याला अधिक योग्य वाटे.

पुष्कळांची श्रद्धा याहूनही गुपचूप सुटते. मुंजीनंतर वर्षभरात संध्या थांबते, गाव सुटते, कुळाचार थोरल्या घराकडे राहतो. यात वाद कुठेच होत नाही, म्हणून त्याची नोंदही राहत नाही.

भगतसिंगांची वाट वेगळी. घर आर्यसमाजी आणि लहानपणी तासन्‌तास गायत्रीचा जप. क्रांतिकारकांत आल्यावर मात्र त्यांनी वाचनाला जुंपून घेतले, आणि १९२६ अखेर ईश्वराची कल्पना निराधार असल्याची त्यांची खात्री झाली. १९२७ च्या अटकेत पोलीस अधिकारी त्यांना प्रार्थना करण्याचा आग्रह करीत. नास्तिकपण केवळ सुखाच्या दिवसांपुरते आहे का, हे स्वतःशी पडताळून त्यांनी प्रार्थना न करण्याचे ठरवले. अहंकारापायी देव नाकारला, या सोबत्यांच्या आरोपाला १९३० मध्ये तुरुंगातून त्यांनी लेखाने उत्तर दिले. येथे श्रद्धा सुटलेली नाही, तपासून सोडलेली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत तर देव आहे की नाही, हा मूळ प्रश्नच नव्हता. महाडच्या तळ्याचे पाणी आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार बंद ठेवून अस्पृश्य मानलेल्यांना माणूसपणाचा हक्कच नाकारला जात होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षे त्यांच्या लेखी धर्माला किती महत्त्व होते, हे दाखवतात. समाजाला धर्म लागतो, पण तो समतेचा हवा, असे त्यांचे मत होते.

दुरावलेल्या माणसाला समाज सहसा तसे राहू देत नाही. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची त्यांच्या हयातीतच पुण्यातील सनातन्यांनी प्रेतयात्रा काढली. डार्विनला उलट अनुभव आला, तोही मृत्यूनंतर. १८८७ मध्ये आत्मचरित्र छापताना धर्मावरील बोचरा मजकूर पत्नी एमाच्या इच्छेवरून गाळला गेला. तो पुस्तकात परत आला तो १९५८ मध्ये, नात नोरा बार्लो हिने काढलेल्या आवृत्तीत. दरम्यान १९१५ मध्ये लेडी होप नावाच्या एका धर्मप्रचारक बाईंची, डार्विन अखेरीस पुन्हा बायबलकडे वळल्याची कथा छापून आली. वडिलांच्या शेवटच्या आजारात आपण उशाशी होतो आणि या बाई तिथे नव्हत्याच, असे मुलगी हेन्रिएटाने १९२२ मध्ये जाहीरपणे लिहिले.