परक्या हातांचा चुना

सिंगापुरात सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलच्या आत शिरून मी प्रथम भिंतीला हात लावला तो भक्तीने नव्हे, उकाड्याने. दुपारची वेळ होती, बाहेर हिरवळ उन्हाने नुसती तळपत होती, आणि शंखाच्या अंतर्भागासारखी गुळगुळीत, गार अशी ती पांढरी भिंत तळव्याला लागताच मला आमच्या जुन्या वाड्यातल्या माजघराची आठवण झाली. हे साम्य निव्वळ योगायोगाचे नव्हते. शिंपल्यांचा चुना, वाळूचा कण न घालता, अंड्यातील पांढरा बलक व जाडीभरडी साखर यांबरोबर घोटायचा, नारळाची सोडणे भिजत घातलेल्या पाण्यात तो कालवायचा, आणि गिलावा वाळला की स्फटिकाने घासून वर शंखजिऱ्याची भुकटी चोळायची, अशी त्या मद्रासी चुन्याची कृती बांधकामावरील एक अधिकारी मॅकनेअर याने नोंदून ठेवली आहे. तो चुना घोटणारे हात मात्र हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांचे होते.

त्या काळी सिंगापूर कंपनी सरकारच्या अंमलाखाली, कलकत्त्याच्या हुकुमाने चालणारे बंदर होते, आणि बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी तेथे रवाना होत. चर्चचा आराखडा कर्नल मॅकफर्सन याचा. 1856 साली कोनशिला बसविली ती कलकत्त्याच्या बिशप विल्सन यांनी, 1861 मध्ये पहिली उपासना झाली, आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याच्याच बिशप कॉटन यांनी वास्तूचे पवित्रीकरण केले. या सर्वांची नावे दफ्तरांत आहेत. ज्यांनी विटा वाहिल्या त्यांचा उल्लेख होतो तो संख्येने.

आता प्रश्न असा की, ज्याने घडविले त्याचीच त्यावर श्रद्धा नसेल, तर ते मंदिर कोणाचे? ख्रिस्ती तत्त्वज्ञानाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण ईश्वराने मानवदेह धारण केला या सिद्धांतावरच ते उभे आहे. जो देव स्वतः मातीत उतरला त्याच्या धर्माला परक्या मातीचे सोवळे असण्याचे कारण नाही. आपल्याकडे फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने नेमके हेच केले. त्याचे क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, आणि ज्या ओवीत ज्ञानदेवांनी गीता सांगितली त्याच ओवीत त्याने येशूचे चरित्र सांगितले. मी ते वाचताना भाषेच्या गोडव्याने हरखून जातो, आणि त्याच वेळी मनात सल राहतो. कारण ज्या साष्टीत ते रचले गेले तेथील देवळे काही दशकांपूर्वीच पाडली गेली होती, आणि नवख्रिस्ती मंडळींना पुराण हवेसे वाटत होते ते आपली पुराणे हातची गेल्यामुळे. तो गिलावा सुंदर आहे. पण त्याखाली कोणाच्या भिंतीचे दगड आहेत, हे विसरता येत नाही.

याच्या उलट नारायण वामन टिळकांचे. सिंगापुरात पहिली उपासना झाली त्याच 1861 साली ते जन्मले, 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांचा अभंग स्वखुशीने ख्रिस्तचरणी नेऊन ठेवला. या धर्मांतराचा घाव लक्ष्मीबाईंनी सोसला, हे स्मृतिचित्रे वाचणाऱ्यास सांगायला नको. तरीही टिळकांची वाणी कोणी वेठीला धरली नव्हती. देणे आणि वेठबिगार यांतले हे अंतर मला धर्माधर्मांतल्या अंतराहून मोठे वाटते. अवताराच्या सिद्धांताने परक्या चुन्याचा स्वीकार समर्थनीय ठरेल. पायातल्या बेडीचे समर्थन त्यातून निघत नाही.

आणि स्वतः ख्रिस्ताची शिकवणच येथे आडवी येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे जे वर्णन आहे, त्यात भुकेला, उघडा, परका यांच्याबरोबर बंदिवानही आहे, आणि त्याची भेट घेणे ही आपलीच भेट, असे ख्रिस्त म्हणतो. या हिशेबाने पाहिले तर, 1861 सालच्या त्या उपासनेच्या वेळी, गोरे अंमलदार सहकुटुंब नव्या बाकांवर बसले असता, ख्रिस्त वेदीपाशी होता, की हाकेच्या अंतरावर, ब्रास बासा रस्त्यावरच्या कैद्यांच्या तुरुंगात?