अबोल जिवाची संमती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात सावरगाव आणि पांढुर्णा यांची गोटमार होते. तीत सांडणाऱ्या रक्ताविषयी मतभेद असोत. पण पात्रात उतरणारा प्रौढ माणूस स्वतःचेच रक्त पणाला लावतो, एवढे मान्य करावे लागते. ज्याला होय वा नाही म्हणता येत नाही, त्याचे रक्त पणाला लावण्याचा अधिकार मात्र कोणाला?

नवजात अर्भकावरील शस्त्रक्रियेत हा प्रश्न उभा राहतो. रक्तवाहिन्यांच्या गाठी काही बाळांना जन्मतः किंवा नंतर थोड्याच आठवड्यांत दिसू लागतात. त्यांतील बहुसंख्य लाल गाठी काही महिने वाढून पुढे काही वर्षांत आपोआप ओसरतात. २००८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलोल हे हृदयविकारावरील जुने औषध त्यांवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून सुरीची गरज आणखी घटली. परंतु सर्वच गाठी अशा सौम्य नसतात. १९४० मध्ये कासाबाख आणि मेरिट यांनी वर्णिलेल्या अवस्थेत गाठ रक्तबिंबिका स्वतःत अडकवते आणि बाळाला जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. यकृतातील मोठी गाठ हृदयावर असह्य भार टाकू शकते. औषधाने भागत नसेल आणि गाठ काढण्याजोगी असेल, तर सुरीचा विचार करावाच लागतो. आणि तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर!

असे बाळ घेऊन नागपूरला गेलेल्या आईबापांपुढे संमतिपत्र येते. सही केली आणि बाळ दगावले तर आपण मारले, न केली तर आपण मरू दिले, अशी ही कोंडी. कित्येक जण मग ‘देवाची इच्छा’ म्हणून मागे सरतात. आमच्या मते, न करणे हीसुद्धा कृतीच आहे. मूल ही आपली मालमत्ता नव्हे, आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. ठेव जुगारात लावणारा विश्वस्त दोषी, तसाच ती डोळ्यांदेखत नासू देणाराही दोषी. म्हणून पहिला प्रश्न असा असावा: हा डाग आपल्या डोळ्यांना खुपतो आहे की बाळाच्या प्राणाला? डोळ्यांना खुपत असेल तर धीर धरणे हा धर्म. प्राणाला असेल तर जाणत्या हातांवर विश्वास टाकणे हा धर्म.

अबोलपणाचा अर्थ आपल्या सोयीने लावण्याचा मोह जाणत्यांनाही सुटलेला नाही. नवजातांना वेदना नीट जाणवत नाहीत, अशा समजुतीने १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमध्ये केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनाशामक भूल मिळालेल्या अकाली बाळांच्या शरीरावरील आघात आणि नंतरची गुंतागुंत कमी असल्याचे त्यातून दिसले, आणि ती समजूत ढासळली.

बाळ बोलत नाही, म्हणजे त्याने संमती दिली असे नव्हे, आणि त्याला दुखत नाही असेही नव्हे. उद्या ते मोठे होऊन विचारील, तेव्हा डोळ्याला डोळा भिडवून सांगता येईल असाच निर्णय आपण आज घ्यावा. आणि सर्व करूनही ते हाती लागले नाही, तर त्या आईला कोणी बोल लावू नये. एवढे तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कर्तव्य आहेच.