नलिकाकृमी: एक जीव की अनेक?

रिफ्टिया पॅकिप्टिला हा महाकाय नलिकाकृमी पॅसिफिक महासागरात सुमारे २,५०० मीटर खोलीवर, तळातून उसळणाऱ्या उष्ण झऱ्यांभोवती राहतो. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ 'आल्विन' पाणबुडीतून गेलेल्या संशोधकांना तो प्रथम तेथे आढळला. कायटिन व प्रथिने यांची पांढरी नळी तो स्वतःच घडवतो. तिची लांबी दोन मीटरांच्याही पुढे जाते. वरच्या टोकाला लालभडक तुरा असतो आणि चाहूल लागताच तो आत ओढला जातो. प्रौढ कृमीला तोंड नसते, आतडेही नसते.

त्याचे पोट भरतात ते जीवाणू. धडातील ट्रॉफोसोम या ऊतीत ते कोट्यवधींच्या संख्येने राहतात. तुऱ्यातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड या दोहोंना वेगवेगळ्या जागी धरून आत पोचवते. त्यामुळे एरवी विषारी ठरणारे सल्फाइड कृमीला बाधत नाही. सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जीवाणू कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात आणि त्यावर कृमी जगतो.

मग नळीत राहतो तो जीव एक की अनेक? पोषण ही कसोटी मानली तर एक, कारण जीवाणूंवाचून प्रौढ कृमी जगू शकत नाही. वंश ही कसोटी मानली तर अनेक. कृमीच्या अंड्यात हे जीवाणू नसतात. तळाशी स्थिरावलेल्या पिलाच्या त्वचेतून ते बाहेरच्या पाण्यातून आत शिरतात. कृमी मेल्यावर त्यांतले काही जिवंत राहून पुन्हा समुद्रात जातात.

जैन दर्शनाने या प्रश्नाचा विचार वनस्पतींच्या संदर्भात केला आहे. एका शरीराचा एकच जीव स्वामी असेल तर ते 'प्रत्येक' शरीर. अनंत जीवांचे एकच शरीर असेल तर ते 'साधारण'. नेमिचंद्राचार्यांच्या 'गोम्मटसारा'नुसार साधारण जीवांचा आहार, श्वास, जन्म आणि मरण ही चारही सामाईक असतात. नलिकाकृमी व त्याचे जीवाणू यांना ही लक्षणे लावली तर पहिली दोन बऱ्याच अंशी जुळतात, पुढची दोन जुळत नाहीत. ही जोडी 'प्रत्येक'मध्ये बसत नाही आणि 'साधारण'मध्येही नाही.

यावरून 'एकपणा' हा अखंड गुण नसून अनेक संबंधांची बेरीज ठरतो. सहसा हे संबंध एकाच शरीरात एकत्र येतात, म्हणून ते वेगळे जाणवत नाहीत. रिफ्टियात ते सुटे झालेले दिसतात. त्यामुळे कोणत्या संबंधाविषयी विचारले जात आहे हे ठरल्याशिवाय 'एक की अनेक' याचे उत्तर देता येत नाही.