अधर्माची सावली

वाईला माझ्या आजीच्या तोंडी ‘धर्म’ हा शब्द दिवसातून दोनदा तरी यायचा. दारात कुणी ‘धरम कर माये’ म्हणत उभं राहिलं की ती भाकरी काढायची. शिळी नाही, धर्माला द्यायचं ते ताजं, हा तिचा दंडक. शेजारणीच्या बाळंतपणात रात्र जागवणं हा शेजारधर्म. आणि मांजराने दुधात तोंड घातलं, तर ‘त्याचा धर्मच तो’ म्हणत ती पातेलं पुन्हा शिंक्यावर टांगायची. दान, कर्तव्य आणि स्वभाव, सगळं एकाच शब्दात. माझ्या शाळेच्या अर्जातल्या ‘धर्म’ या रकान्यापुढे काय लिहायचं, ते मात्र तिने आजोबांना विचारलं.

आजीच्या या साऱ्या अर्थांचं मूळ ‘धृ’ या धातूत आहे. धरणं, सावरणं. ऋग्वेदात हा शब्द ‘धर्मन्’ असा नपुंसकलिंगी येतो आणि त्याचा रोख टेकूकडे असतो, म्हणजे ज्याच्या आधाराने काही ढासळत नाही, त्याच्याकडे. पुढे मीमांसकांनी तो वेदाज्ञेला आणि यज्ञकर्माला जोडला, स्मृतिकारांनी वर्णाश्रमाला. टेकूची भिंत झाली ती इथे, असं मला वाटतं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला वेशीबाहेर ठेवायचं, हेही आता धर्मच सांगू लागला. या भिंतीवर जोतीराव फुल्यांनी घाव घातले. पण त्यांनी हा शब्द टाकला नाही. त्यांच्या अखेरच्या पुस्तकाचं नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म’. ते त्यांच्या निधनानंतर 1891मध्ये निघालं. त्यातला ‘सार्वजनिक’ हा शब्दच मला सुरुंगासारखा वाटतो.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांच्या हाताखाली लक्ष्मणशास्त्री जोशी तयार झाले. त्यांच्या संपादनाखाली 1937मध्ये ‘धर्मकोशा’चा पहिला भाग निघाला. देवपूजा सापडेल म्हणून तो उघडणाऱ्याची फसगत होते. सुरुवातच व्यवहारकांडाने! फिर्याद, साक्षीदार, पुरावा. पुढे थकलेलं कर्ज, मोडलेली ठेव, न दिलेली मजुरी, शेताच्या हद्दी. आमच्याकडे भावाभावांची बांधावरून जुंपते, तोही शास्त्रकारांच्या लेखी धर्माचाच प्रश्न. जुनी वचनं अशी निगुतीने लावून ठेवणाऱ्या या शास्त्र्यांनीच पुढे ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली, हे विशेष.

एवढा पसरलेला शब्द एका रकान्यात बसला तो इंग्रजी अमलात. मिशनऱ्यांना ‘रिलिजन’साठी देशी शब्द हवा होता आणि 1872च्या खानेसुमारीला माणसांची वर्गवारी. पुढे 1976मध्ये घटनेच्या उद्देशिकेत ‘सेक्युलर’ आलं, तेव्हा हिंदीने ‘पंथनिरपेक्ष’ म्हटलं, मराठीने ‘धर्मनिरपेक्ष’. हिंदीने शब्दाची जुनी अब्रू राखली, मराठीने रकान्यातला अर्थ घेतला. मला मराठीचा निवाडा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण लोक आता याच अर्थाने बोलतात. पण राज्याने धर्माची अपेक्षा ठेवू नये, हे आजीला मी कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?

खरा चकवा मिळाला तो सांगलीला. कृष्णाकाठच्या एका पारावर ओळखीच्या एका जैन शेतकऱ्याशी, अण्णांशी, बोलत बसलो होतो. मी धृ धातूचं पुराण लावलं, तसं त्यांनी नदीकडे बोट केलं.

“मासा पवतोय न्हवं? पाणी त्याला ढकलत न्हाई. पर पाण्याबिगर पवंल का? त्यो धर्म.”

जैन तत्त्वज्ञानातल्या सहा द्रव्यांपैकी धर्म हे एक. पुण्याशी त्याचा संबंध नाही. जे चालतं त्याला चालू देणारं, स्वतः न हलणारं ते माध्यम. मग अधर्म म्हणजे काय, असं मी विचारलं. मला वाटलं, आता पापाची यादी येणार.

“उन्हातनं आलेला मानूस सावलीला बसतोय. सावली काय त्याला हात धरून बसवत न्हाई. पर हाय म्हनून बसतोय. त्यो अधर्म.”

वर वड होता. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं त्या अधर्मातच बसून राहिलो.