दोन विहिरींच्या मध्ये

गुहागरच्या घरामागची विहीर आजोबा दोरीने मोजत. परसापरसाला गाठ मारलेली दोरी तळाला टेकली की खोली कळली, त्यात वाद नव्हता. माझ्या कामात दोरी नाही. इथून वायव्येला, याच समुद्रात, 1974 साली ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाला तेल लागलं. तसल्या समुद्रतळाखालच्या खडकांची खोली आम्ही प्रतिध्वनीवरून काढतो. हाती येते ती फक्त लहरीच्या जाण्यायेण्याची वेळ. तिच्या निम्म्याला वेगाने गुणलं की मीटर मिळतात. वेग चुकला की खोली चुकली.

तो वेग मी चुकवला. सॉफ्टवेअरमध्ये वेगांची फाइल घेताना हा वेग कोणत्या प्रकारचा, ते सांगावं लागतं. माझ्याकडे होते आरएमएस वेग, म्हणजे वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ; मी ‘सरासरी’ निवडलं. दोन्ही मीटर प्रतिसेकंदातच, त्यामुळे सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. पण लहर एका थरातून सेकंदभर 2000 आणि पुढच्यातून सेकंदभर 4000 वेगाने गेली, तर सरासरी 3000 भरते, आरएमएस सुमारे 3160. मग 6000 मीटरवरचा थर 6320 वर दिसतो.

अशी चूक कुणाच्याही हातून होईल. मला बोचतं ते त्यानंतरचं.

त्या वेगांवरून काढलेला खोलीचा नकाशा आधी खोदलेल्या तेलविहिरींशी जुळेना. प्रत्येक ठिकाणी थर खोलच येत होता. सगळीकडे फरक एकाच बाजूला पडला तर आधी वेग तपासा, हे मीच नवख्या मुलांना शिकवतो. आरएमएस वेगांवरून थराथराचा वेग काढणारं डिक्सचं 1955चं सूत्र वापरून दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली असती. मुदत दोन दिवसांवर होती. मी फाइल उघडली नाही. नकाशा ताणून विहिरींना बसवला. तो तंतोतंत बसला, वाखाणला गेला, आणि ते कौतुक मी घेतलं.

विहिरींपाशी खोली आधीच ठाऊक होती. नकाशा हवा होता तो मधल्या जागेसाठी, जिथे कुणी खोदलेलं नाही. दुसऱ्याची नजर पोचते तिथवरच मी खरा राहिलो. मला चूक कळली नव्हती, असं आजवर स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. ती कळू नये म्हणूनच मी फाइल उघडली नाही.

त्या नकाशावरून अजून विहीर खोदलेली नाही. पण हे माझं नशीब, प्रामाणिकपणा नव्हे.

काल रात्री पडवीत बसून गटप्रमुखांना तीन गोष्टी लिहिल्या: कोणती फाइल, कोणता वेग, आणि जुळत नाही हे दिसूनही मी काय केलं. पहिल्या दोन पाच मिनिटांत झाल्या. तिसरीला पहाट झाली. उजाडल्यावर पत्र पाठवलं.